मेस्त्रींनी खिशात घातलेला नट

"खंय खंय गेल्ली?"

गाडीला हात लावण्याआधी मेस्त्री हे विचारायचे. मालकाला घाई असायची, आवाज कुठून येतो, कधीपासून येतो ते सांगायची. पण मेस्त्री कमरेवर हात ठेवून आधी हेच विचारणार. गाडी कुठे कुठे गेली होती? घाट चढली का? चिऱ्याच्या खाणीत उतरली का? पाण्यात गेली का? डॉक्टर जेवणखाण विचारतो तसं ते गाडीचं फिरणं विचारायचे, आणि उत्तर देणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता चाकांकडे बघायचे.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. त्याच्या दारावर पाटी नसते, पण कोणाची गाडी बंद पडली की आधी त्याचंच नाव निघतं. आमचे मेस्त्री इन्सुलीला हायवेवरच्या एका ट्रकच्या गॅरेजात वीस वर्षं काम करून आमच्या वाडीत परत आले होते. स्वतःचं गॅरेज त्यांनी कधी घातलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "गॅरेज घातल्यार गाडयो माझ्याकडे येवक होयो. बंद पडलेली गाडी येतली कशी? मीच जातंय मां तिच्याकडे."

खाकी हाफपँट, बनियन, सायकलच्या कॅरिअरला बांधलेला बिस्किटांचा चौकोनी डबा. त्या डब्यात सगळी हत्यारं. आत प्रत्येक पाना जुन्या धोतराच्या पट्टीत गुंडाळलेला, जसं एखादी बाई दागिने ठेवते.

आमच्या पिकअपच्या डिफरन्शियलचं तेल ते आमच्याच खळ्यात, घरापुढच्या अंगणात, बदलायचे. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी भोपळा दिसतो ना, तो डिफरन्शियल. इंजिनाची ताकद तिथून चाकांना वाटली जाते. आत दातेरी चक्रं तेलात बुडून फिरत असतात. तेल बिघडलं की दाते दात खातात.

त्यांची पद्धत ठरलेली. आधी बाबांना गाडी घेऊन तीन रस्त्यांच्या तिठ्यापर्यंत जाऊन यायला सांगायचे, म्हणजे तेल गरम होऊन पातळ होतं. मग गाडी सपाट जागी उभी करायची. जॅक लावला तरी त्याच्यावर त्यांचा भरवसा नसायचा, चिऱ्यांवर तर मुळीच नाही. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला जांभा चिरा लावायची सवय. मेस्त्री चिरा लाथेनं बाजूला सारायचे. "ह्यो पावाचो तुकडो. गाडी बसली की ह्येचो चुरो." स्वतः सोबत आणलेले फणसाच्या लाकडाचे दोन ओंडके लावूनच ते आत सरकायचे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तेल सोडायचा खालचा नट ते आधी कधीच खोलायचे नाहीत. आधी वरचा, तेल भरायचा. तो गंजून अडकला असेल आणि खालून तेल सोडून दिलं, तर गाडी रिकाम्या पोटी खळ्यात बसून राहते. हे त्यांनी मला शंभर वेळा सांगितलं असेल.

आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी बी.कॉम. झालो तो बाबांच्या पिकअपच्या जोरावर, आणि ती पिकअप रस्त्यावर राहिली ती मेस्त्रींमुळे. निकाल लागला त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडायला गेलो. ते सायकलची चेन बसवत होते.

"बीकॉम म्हणजे काय रे?"

मी वाणिज्य, व्यापार वगैरे समजावलं.

"त्येच्यात गाडयेचा काय नाय?"

"नाय."

"मगे तीन वर्सां काय करी होतंस?"

त्या दिवसापासून ते मला बीकॉमच म्हणू लागले. पुढे मला हायस्कूलच्या कार्यालयात लिपिकाची नोकरी लागली तरी नाव बदललं नाही. रविवारी मी बाबांना विश्रांती मिळावी म्हणून पिकअप चालवायचो. आता सांगायचं आहे ते तिथूनच सुरू होतं.

आंब्याचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. एका रविवारी सकाळी किनाऱ्यावर रापण लागली. रापण म्हणजे होडीनं समुद्रात लांबवर टाकलेलं मोठं जाळं, दोन्हीकडून दोर धरून माणसं ते किनाऱ्यावर ओढतात. त्या दिवशी जाळं इतकं भरलं होतं, की ओढणाऱ्यांचे पाय वाळूत रुतत होते. मी गाडी सुरूच्या झाडांपाशी उभी केली होती, जिथे बाबा नेहमी करतात. खालून, जाळ्यापासून हाका सुरू झाल्या.

"अरे, गाडी खाली घे! एवढा डोक्यार घेवन कोण चढवतलो?"

"बापूस आसतो तर आणल्यान नसती. तू तरी आण. शिकलेलो मां तू!"

हसणं झालं. मी गाडी खाली घेतली. ओल्या वाळूवर ती छान चालते, हे मला ठाऊक होतं. भरती लागली आहे, हे मात्र मी पाहिलं नाही. टोपल्या भरता भरता मागची चाकं बसली. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला तशी ती आणखी खाली गेली. एक लाट आली आणि मागचा अ‍ॅक्सल पाण्याखाली गेला. दुसरी आली, तिसरी आली. रापणीचाच दोर बांधून तीस माणसांनी गाडी वर खेचली, तोवर मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलो होतो.

घरी नेण्याआधी मी गाडी विहिरीच्या गोड्या पाण्यानं खालून वरून धुतली. रापणीतल्या माणसांना हात जोडून सांगितलं, बाबांना सांगू नका. ती माणसं शब्दाला जागली. एकानंही तोंड उघडलं नाही. त्यांनी उघडलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे पुष्कळदा वाटलं.

पंधरा दिवसांनी, पुन्हा रविवारीच, मेस्त्री तेल बदलायला आले. दुसऱ्या दिवशी सोमवारी पहाटे बाबा वाडीतल्या आंब्याच्या पेट्या घेऊन वैभववाडीवरून घाट चढून कोल्हापूरला जाणार होते. पेट्या पडवीत रचून तयार होत्या. घरभर आंब्याचा वास होता.

"खंय खंय गेल्ली?" मेस्त्रींनी विचारलं.

"कुडाळ, कणकवली. आणखी खंय जातली?" बाबा म्हणाले.

"पाण्यात?"

"पाण्यात कित्या? मी कदी घातलंय पाण्यात? आणि माझो झील तर पावसातसुद्धा डबक्यासून घेणा नाय."

बाबांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी ओंडके उचलून आणायला गेलो.

मेस्त्री गोणपाटावर पाठ टेकून आत सरकले. मी पाना देत होतो. वरचा नट जरासा सैल झाला आणि बाहेर तेल नाही, भरपूर दूध घातलेल्या चहासारखं काहीतरी ओघळलं. मेस्त्रींचा हात थांबला. त्यांनी बोटावर थोडं घेतलं, चोळलं, जिभेच्या टोकाला लावलं आणि थुंकले.

"बीकॉम, आत ये."

मी त्यांच्या शेजारी जाऊन पडलो. दोघांच्या तोंडावर वीतभर अंतरावर तो लोखंडी भोपळा.

"मीठ," ते हळू म्हणाले. "कदी?"

"पंधरा दिस झाले. रापणीर."

"बापाशीक सांगलंस?"

"नाय."

बाहेरून बाबांचे फक्त पाय दिसत होते. ते जवळ आले. "काय रे, काय झाला?"

मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता सांगतील.

"काय नाय. नट घट आसा," मेस्त्री म्हणाले. मग माझ्या कानाशी, "तूच सांग. मी हंय आसय."

मी बाहेर आलो. बाबा पेट्यांवर नावं लिहीत बसले होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो, आणि विचारलं, "चाय करू?" एवढंच माझ्या तोंडातून निघालं.

आत मेस्त्रींनी खालचा नट काढला. त्या नटाच्या टोकाला लोहचुंबक असतं. आत झिजलेल्या लोखंडाची बारीक राख त्याला चिकटते, करड्या चिखलासारखी. तशी राख ते बोटानं पुसून टाकायचे आणि म्हणायचे, "बरी आसा." त्या दिवशी चुंबकावर राख नव्हती, तांदळाच्या कणीएवढे तुकडे होते. त्यांनी ते तळहातावर घेतले. मग एका हातानं चाक फिरवत अ‍ॅक्सलला कान लावला. कर्र असा आवाज मलाही आला.

ते बाहेर आले. नट त्यांच्या हातात होता.

"भाऊ, उद्या गाडी जावची नाय."

बाबा हसले. "मस्करी करतंस? पेट्यो बांधून झाल्यो. आंबो पिकतलो."

"बेअरिंग गेला. घाटात बसली तर?"

"गेली वीस वर्सां मी घाट चढतंय."

"तू चढतंस. मी हिचा सांगतंय."

"तेल घाल रे तू. उद्या जावन येतंय, मगे काय ता खोल."

"नाय."

बाबांचा आवाज चढला. "तू घालतंस की मी घालू?" त्यांनी नव्या तेलाचा कॅन उचलला.

मेस्त्रींनी तो नट डिझेलमध्ये बुडवला, धोतराच्या पट्टीनं पुसला आणि हाफपँटच्या खिशात घातला. हत्यारं डब्यात ठेवली. ओंडके मात्र गाडीखाली तसेच सोडले. मग सायकलवर टांग टाकून खळ्याबाहेर पडले.

खालून भोक उघडं असलेल्या गाडीत तेल घालणार कसं? बाबा कुंपणाच्या गडग्यापर्यंत धावले. "मेस्त्री! नट दी माझो! म्हातारपणी डोक्या फिरला तुजा!"

"फिरला तर फिरला," सायकलवरून उत्तर आलं.

रविवार दुपार. कुडाळची सामानाची दुकानं बंद. बाबा चिडून मेस्त्रींच्या घरी गेले, ते आणखी चिडून परत आले. मेस्त्रींनी दार लावून घेतलं होतं आणि आतून म्हणत होते, "मंगळवारी ये." बाबांनी सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं बजावलं, की पुन्हा माझ्या खळ्यात पाय ठेवू नको. मी हे सगळं ऐकलं. एक वाक्य बोलायचं होतं. रीतसर पदवी घेतलेला माणूस मी, ते एक वाक्य मला जमलं नाही.

पेट्या दुसऱ्याच्या टेम्पोनं गेल्या. मंगळवारी कुडाळहून एक मेकॅनिक आला आणि त्यानं डिफरन्शियल खोलला. बेअरिंगची जाळी फुटली होती, तुकडे दात्यांत अडकले होते. तो बाबांना म्हणाला, "नशीबवान तुम्ही. घाट उतरताना चाकं जाम झाली असती तर दरीतच."

बाबा खाली बसले. पाणी मागितलं. मग त्यांनी विचारलं, "एवढ्यात कसा गेला?"

"तेलात पाणी होतं."

"पाण्यात तर गाडी गेलीच नाय."

मेकॅनिकनं खांदे उडवले. आणि बाबांनी स्वतःच उत्तर शोधलं. गाडी पाण्यात गेली नाही, मुलगा खोटं बोलणार नाही, म्हणजे मागच्या खेपेला मेस्त्रींनीच खराब तेल घातलं असणार. "आता समाजला! म्हणानच नट घेवन पळालो."

हे ते तिठ्यावर बोलले, चहाच्या टपरीवर बोलले, देवळात बोलले. बाबा साधा माणूस, त्यांच्या बोलण्यावर लोक विश्वास ठेवतात. तीन आठवड्यांत वाडीतले गाडीवाले मेस्त्रींना बोलवेनासे झाले. त्यांची सायकल भिंतीला टेकलेली दिसू लागली. मी कार्यालयात जाता-येता तिच्याकडे न बघता जायचो.

शेवटी एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ते पायरीवर बसून पाने पुसत होते, जे आधीच स्वच्छ होते.

"मेस्त्रीनू, तुमी सांगलात कित्या नाय?"

"काय?"

"माझ्याबद्दल."

"मी सांगलंय आसतंय तर बापूस तुझ्यार रागावलो आसतो. आता माझ्यार रागावलो. माका काय त्येचा? मी काय त्येचो झील आसय?"

मला रडू आलं. त्यांना ते दिसलं नसेल, त्यांचे डोळे हल्ली नीट चालत नव्हते. पाना अगदी नाकाजवळ धरून ते आकडा वाचत होते.

"तुमका कोण बोलवणत नाय आता."

"होय. बोलवणत नाय." त्यांनी पाना पट्टीत गुंडाळला. "घरात बसान हात आखडतत रे." मग, "तू सांगतलंस ता माका ठावक आसा, बीकॉम. पण लय वेळ लाव नको. माझे डोळे चल्ले. सगळा दिसता तवसर एक-दोन गाडयो तरी बघूक होयो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिठ्यावरच्या टपरीवर बाबा चहा पीत होते. सोबत पाचसहा माणसं. गोष्ट पुन्हा तीच चालली होती, नट, खिसा, पळून जाणं. लोक हसत होते. मी रस्ता ओलांडून गेलो. माझी सकाळची बस समोर उभी होती.

"बाबा, गाडी मी पाण्यात घातलंय. रापणीर. भरतीत अडाकली. मेस्त्रींका कळला, पण त्येनी तुमका सांगूक नाय."

रापणीचा एक माणूस तिथेच होता, त्यानं मान खाली घातली. बाबांनी ग्लास बाकावर ठेवला. मला वाटलं थोबाडीत बसेल. बसली असती तर मी ती आनंदानं घेतली असती. पण ते उठले आणि चप्पल न घालताच मेस्त्रींच्या घराकडे चालू लागले.

मी त्यांच्या चपला हातात घेऊन मागून गेलो आणि गडग्याबाहेर थांबलो. बस निघून गेली.

आतून बाबांचा आवाज आला, "चाय आसा?"

"दूध नाय."

"कोरी चलात."

भांड्याचा आवाज आला. मग पुन्हा बाबा, "माझो जीव गेलो आसतो रे घाटात."

"खंयचो जाता! तुजो जीव गुळासारखो चिकाट." मग, "साखर किती?"

माफी कोणी मागितली असेल तर ती एवढीच. घरी येताना बाबा माझ्याशी एकच वाक्य बोलले. "रविवारी गाडी धुवक होयी. खालसून." पुढच्या रविवारी मी चिखलात पाठीवर पडून तीन तास ती गाडी धुतली, आणि बाबा पडवीत बसून कुठे राहिलं ते दाखवत होते. तिठ्यावरची गोष्टही बाबांनी बदलली. आता ती 'मेस्त्रींनी माझा जीव वाचवला' अशी झाली, आणि हळूहळू सायकल पुन्हा रस्त्यावर दिसू लागली.

फार दिवस नाही. वर्षभरातच डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. शिरोड्याला दिलेली त्यांची मुलगी, त्यांचं चेडू, येऊन त्यांना घेऊन गेली. हत्यारांचा डबा त्यांनी सोबत नेला. दिसत नसलं तरी कुठला पाना कुठल्या पट्टीत आहे ते त्यांना बोटांनी कळायचं.

मग एक नवीन प्रकार सुरू झाला. दर रविवारी बाबा त्यांना फोन लावायचे. मेस्त्री विचारायचे, गाडीचा आवाज कसा आहे. बाबांना आवाज सांगता येईना. पहिल्यांदा त्यांनी चालत्या गाडीच्या खिडकीतून फोन बाहेर धरला.

"भाऊ, माका वारो आयकवतंस?"

म्हणून मी गाडी चालवायची आणि बाबांनी मागे हौद्यात पालथं पडून, टॉवेलात गुंडाळलेला फोन फळीवरून अ‍ॅक्सलच्या दिशेला खाली सोडून धरायचा, असं ठरलं. साठीचा माणूस गाडीत पालथा पडलेला पाहून वाडीतल्या बायका हसायच्या. "काय हो, रस्त्यार गळ टाकलात काय?" बाबा कोणाकडे लक्ष द्यायचे नाहीत. मी वीसच्या वेगानं गाडी तिठ्यापर्यंत न्यायचो आणि परत आणायचो. मग शिरोड्याहून निकाल यायचा. कधी "डाव्या चाकाचा बघा." बहुतेक वेळा "बरी आसा."

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी आम्ही असेच निघालो. नारळीच्या बागा संपून रस्ता सरळ होतो तिथे मी मागच्या काचेतून पाहिलं. बाबा उठून बसले होते. फोन कानाला होता. ते बोलत नव्हते, नुसते ऐकत होते. मग त्यांनी फोन खाली घेतला, टॉवेल नीट घडी केला आणि केबिनवर दोनदा हात मारला.

मी गाडी थांबवली आणि खाली उतरलो.

"फोन त्येंच्या चेडवान उचलल्यान," बाबा म्हणाले. "मेस्त्री सकाळीच गेले."

इंजिन चालूच होतं. "बंद करू?" मी विचारलं.

"नको. चलत रव."

ते हौद्यातच बसून राहिले, फळीला पाठ टेकून, पाय समोर पसरून. मी गाडी वळवून घराकडे घेतली. आमचं खळं आलं, पडवी आली. मी वेग कमी केला आणि केबिनवरच्या थापेची वाट पाहिली. थाप पडली नाही. मी पुढे गेलो, आणि तिठ्यावरून गाडी शिरोड्याच्या रस्त्याला लावली.